धाच्या फुलांचं बी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवासमोर हात जोडून उभी असतानाही नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका. आज सकाळपासून अंगणात बसलेय, छान वाटतंय, आणि छान वाटत असतानाच हे आठवतं. नेमकं तेव्हाच का आठवावं?

डिचोलीत आमच्या दारापुढची जमीन म्हणजे नुसता जांभा. खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा त्यावर लाल धुळीचा थर बसायचा, गवतसुद्धा धड उगवत नसे. आज तिथे पायरीपासून कुंपणाच्या गडग्यापर्यंत धाची फुलं पसरलीत. जाडसर, रसाळ पानं, जमिनीला चिकटून वाढणारी वेल. आठ-आठ दिवस पाणी नाही दिलं तरी हूं की चूं करत नाही. सकाळी दहाला उमलायचं, दुपारी मिटायचं. कुणी चिनी गुलाब म्हणतं, कुणी ऑफिस टाइम. आई 'धाची फुलां', म्हणजे दहाची, म्हणायची, म्हणून आम्हीही.

आमोण्याला, माहेरी, आईच्या अंगणात ती होती. राणी रंगाची, एकेरी पाकळीची. आई गेली, आणि भावानं अंगणात लाद्या घालायचं ठरवलं. त्यात त्याचं काय चुकलं? पण हरमलहून ताई आली, माझी थोरली बहीण, आणि लाद्या पडायच्या आधी दोन दिवस उन्हात बसून तिनं बी गोळा केलं. बी कसलं — करडी भुकटीच ती. कुंकवाची डबीसुद्धा अर्धी भरली नाही. ती डबी तिनं माझ्या हातात दिली. सगळीच्या सगळी. स्वतःला चिमूटभरही ठेवलं नाही.

"तुझो हात बरो गो," म्हणाली. "माज्या दारात नुसती रेव. तूच लाव."

माझा हात बरा! मी काय केलं असेल? तांबडी भाजी पेरतो तसं पेरलं. राखेत कालवलं, वाफ्यावर टाकलं, वर बोटभर माती ओढली, पायानं दाबली आणि तांब्यानं पाणी घातलं. आमच्याकडे सगळं असंच पेरतात. हे बी मातीवर नुसतं भुरभुरायचं असतं, त्याला उजेड दिसावा लागतो, पाणीही ओल्या हातानं शिंपडायचं — हे मला फार नंतर कळलं. विचारलं असतं तर तेव्हाही कळलं असतं. मी विचारलं नाही. येतंय की मला, असं वाटलं.

दोन महिने वाट पाहिली. काही उगवलं नाही. एक-दोन दाणे तरी रुजले असतील, अशी स्वतःची समजूत मी पुष्कळदा घातलीय. पण नाही. त्या वाफ्यापुढे मी रोज उकिडवी बसत होते. एकही नाही.

आणि मे महिन्यात ताई यायची होती — फुलं बघायला.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पोचले तेव्हा दुपार झाली होती, फुलं मिटलेली. राणी रंगाचीच द्या, म्हटलं. रोपं विकणारी बाई शपथेवर हो म्हणाली. चार पिशव्या आणल्या, देठ मोडून मोडून खोचले. आठवड्यात मुळं धरली. उमलली तेव्हा बघते तर दुहेरी पाकळीची, गच्च! मधे दोन पिवळी. पिवळी मी उपटून टाकली — म्हणजे बघा, काय करतेय ते मला पक्कं ठाऊक होतं.

ताई आली. चपला काढून फुलांपाशी बसली. बराच वेळ बघत राहिली. तेव्हा सांगायला हवं होतं ना? दोन वाक्यांचं तर काम. ती रागावली असती, रडली असती, आणि मग आम्ही चहा घेतला असता.

पण तीच बोलली, आईची आठवण काढून. "माती बदालली काय फूलय बदालता गो. आवस आसती तर खूश झाली आसती."

मी मान हलवली. नुसती मान हलवली.

त्याला आता आठ वर्षं झाली. बी कसं धरायचं, कसं पेरायचं, सगळं शिकले. दर वर्षी रुजवते, शेजारणींना वाटते. सकाळी त्यावर मधमाश्या येतात, मी कपबशी घेऊन पायरीवर बसते, आणि खरं सांगते — सुखात असते. खोट्यावर उगवलेलं आहे म्हणून फूल काही कमी उमलत नाही.

गेल्या महिन्यात ताईच्या मुलीचं लग्न झालं. बेळगावला दिलीय. तिथे लावायला म्हणून ताईनं माझ्याकडून बी मागवलं होतं. ओटी भरताना ताईनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि मला म्हणाली, "ती बियांची पुडी घाल. वयर आवशीचा नाव लिही, पोरीक कळूदे कोणाची ती."

पर्समधून पेन काढलं. मांडवात सगळ्या बायका बघत होत्या, भाची ओंजळीत पदर धरून उभी होती. मी पुडीवर आईचं नाव लिहिलं — पूर्ण, आडनावासकट, सुवाच्य अक्षरात — आणि तिच्या ओटीत घातली.