अकादमीतली माझी फिर्याद

आता स्वतःच्या फजितीचा पाढा स्वतःच वाचायचा, याहून मोठी शिक्षा कोणती? पण आमच्या नल्लकुंट्याच्या वस्तीत ती फजिती घरोघरी पोहोचलीच आहे. तेव्हा निदान माझ्या तोंडून नीट ऐका.

पोलीस अधिकारी घडवणाऱ्या एका अकादमीत, महाराष्ट्रात नेमणूक होणाऱ्या सात प्रशिक्षणार्थींना मी मराठी शिकवतो. परवा त्यांच्या उत्तरपत्रिकांची पिशवी मी रिक्षात विसरलो! फाटकातून आत बराच चालून आलो, तेव्हा हात रिकामा असल्याचे ध्यानात आले. आता सातही जणांना कोणत्या तोंडाने सांगू, की परीक्षा पुन्हा द्या?

तोच आवारात पाटी दिसली : पोलीस ठाणे. देवच पावला! मी धावलो.

टेबलामागचा गणवेशातला तरुण ताडकन उठला. "बैठिए अंकलजी, पानी लीजिए."

"पानी नहीं चाहिए! मेरी थैली गयी. रिक्षा ढूँढो!"

"चोर दिखने में कैसा था?"

"चोर नव्हताच हो! मीच विसरलो!" संतापात हिंदी संपली.

शेजारची तरुणी त्याला कुजबुजली, "डरना मत. गुस्सा दिलाने के लिए ही भेजा है इनको."

मला भेजा? कोणी? माझा आवाज चढत गेला, तसतसा त्यांचा विनय वाढत गेला. "आपकी तकलीफ़ हम समझते हैं." पुन्हा पाणी. मी टेबलावर मूठ आपटली. पुन्हा पाणी! अर्धा तास हेच. मनुष्याने फिर्याद द्यायची की पोहायला शिकायचे?

अखेर मागच्या दारातून एक मॅडम टाळ्या वाजवत आल्या. "शाबास! लेकिन सर, आपको तो सोने की चेन खोनी थी ना?"

"कसली चेन? मैं मराठी का टीचर हूँ!"

तेवढ्यात एक गृहस्थ धापा टाकत आत शिरले. "माफ करना मॅडम, हिमायतनगर में ट्रॅफिक में फँस गया. चेनवाला फिर्यादी मैंच हूँ."

ते ठाणे सरावाचे होते! नवे अधिकारी तिथे तक्रार नोंदवून घ्यायला शिकतात, फिर्यादी म्हणून नट बोलावतात, आणि मॅडम दाराआडून पाहून गुण देतात.

मॅडमनी फाटकावर फोन लावला. पहारेकरी ओरडला, "रिक्षेवाला कब का थैली देको गया! साब किधर गायब हो गए?"

सुटलो! उठता उठता मॅडमच्या गुणपत्रकावर नजर गेली. दोघा प्रशिक्षणार्थींना उत्तम शेरा होता. त्याखाली माझ्याविषयी एकच ओळ :

'फिर्यादीचा संताप खरा वाटत नाही.'