स्वखुशीने घर सोडलं

सुवर्णा खानझोडे हाउसिंग ऑथॉरिटीत कामाला लागली, तेव्हा वर्षभर टायपिंग करू आणि मग दुसरं काहीतरी बघू, असा तिचा विचार होता. नागपूरला तिने आठ वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं होतं. न्यू जर्सीत आल्यावर नवऱ्याच्या व्हिसावर नऊ वर्षं घरात गेली. वर्क परमिट हातात पडलं तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती, आणि आयसेलिनमधल्या घरापासून पंचवीस मिनिटांवरच्या वेस्ट कॅरोवे नावाच्या जुन्या गिरणगावातल्या या ऑफिसचा फोन सगळ्यात आधी आला. ती गेली, आणि तिथेच राहिली.

काम ऐकायला सोपं होतं. गावातल्या साडेसहाशे कुटुंबांच्या घरभाड्याचा काही वाटा सरकार या ऑफिसमार्फत घरमालकांना द्यायचं. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा कागद आणून द्यायचे: घरात कोण राहतं, कोण जन्मलं, कोण वारलं, कोणाची नोकरी सुटली. त्या सगळ्याचा एक फॉर्म भरून साठ दिवसांच्या आत वॉशिंग्टनच्या हाउसिंग खात्याला ऑनलाइन पाठवायचा. जन्मतारखेतला एक आकडा इकडचा तिकडे झाला, की फॉर्म परत. शंभरातले निदान पंच्याण्णव फॉर्म वेळेवर पोचायला हवेत. सुवर्णाने काम हातात घेतल्यापासून हा आकडा कधी अठ्ठ्याण्णवच्या खाली गेला नव्हता, आणि याचा तिला मनातून फार अभिमान होता. घरी कोणाला सांगायची सोय नव्हती. तिचा नवरा शंतनू म्हणायचा, ‘‘फॉर्म वेळेवर गेले, यात एवढं काय?’’ पण तिला ठाऊक होतं. फॉर्म गेला म्हणजे त्या कुटुंबाचं घर आणखी एक वर्ष शाबूत.

मग आठ वर्षांनी एका जानेवारीत ऑफिसने सॉफ्टवेअर बदललं. जुनी माहिती नव्यात नीट उतरली नाही. त्याच महिन्यात शेजारच्या टेबलावरचे दोघे नोकरी सोडून गेले आणि त्यांची कुटुंबंही सुवर्णाच्या गळ्यात पडली. फॉर्म परत येऊ लागले, आधी दहा-बारा, मग चाळीस. मार्चमध्ये खात्याचं पत्र आलं तेव्हा आकडा शहाऐंशीवर होता. जूनअखेर तो पंच्याण्णव झाला नाही, तर ऑथॉरिटीवर देखरेख बसणार होती.

डायरेक्टर ग्रेग हॅनलनला येऊन सहाच महिने झाले होते. माणूस दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. एप्रिलच्या मध्यावर त्याने सुवर्णाला केबिनमध्ये बोलावलं आणि एक यादी पुढे केली. एकोणीस नावं.

‘‘या लोकांनी वर्षाचे कागदच दिलेले नाहीत. दोन-दोन पत्रं गेली, उत्तर नाही. यांना बंद करून टाक. मदतीच्या यादीतून गेले, की उशिराच्या हिशेबातूनही गेले.’’

‘‘बंद करायचं तर आधी सुनावणीची नोटीस द्यावी लागते,’’ सुवर्णा म्हणाली. ‘‘ती गेलीय का?’’

‘‘मदत आपण काढून घेतली, तर नोटीस. ते स्वतः निघून गेले असतील तर नाही.’’ ग्रेगने नजर उचलली नाही. ‘‘स्वखुशीने घर सोडलं, असा कोड आहे ना? तो टाक.’’

‘‘पण गेलेत का ते?’’

‘‘सुवर्णा, तीन महिने कोणी पत्राला उत्तर देत नाही, याचा अर्थ तू काय काढशील?’’

खरं तर याचे दहा अर्थ निघू शकतात, आणि ते तिच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. पण त्या दिवशी ती सलग सतराव्या दिवशी जेवणाची सुट्टी न घेता काम करत होती. शंतनूची नोकरी डिसेंबरात गेली होती, तो तात्पुरत्या कॉन्ट्रॅक्टवर होता, आणि घरातल्या तिघांचाही आरोग्य विमा तिच्या नोकरीवर चालत होता. ती यादी घेऊन टेबलापाशी आली. एका नोंदीला दोन मिनिटं लागली. चाळीस मिनिटांत एकोणीस कुटुंबं तिने स्वखुशीने घराबाहेर काढली. एकही फॉर्म परत आला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात आकडा पंच्याण्णव पूर्णांक दोन झाला आणि ग्रेगने सगळ्यांसाठी डोनट मागवले.

आठ जूनला, सोमवारी सकाळी, वॉकर टेकत लोरेटा टॅलबर्ट ऑफिसात आल्या. बाई त्र्याहत्तर वर्षांच्या, स्कूल बस चालवून निवृत्त झालेल्या. दरवर्षी कागद आणायच्या ते क्रमाने लावून, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर पेन्सिलने नंबर घालून. आठ वर्षांत त्यांचा फॉर्म एकदाही अडला नव्हता. आज त्या बऱ्याच वाळल्या होत्या आणि हातात कोर्टाचा कागद होता.

‘‘फेब्रुवारीत पडले. खुबा मोडला,’’ त्या काउंटरशी टेकून म्हणाल्या. ‘‘साडेतीन महिने रिहॅबमध्ये होते. घरी आले तर टपालपेटी गच्च भरलेली आणि दारावर हे. घरमालक म्हणतो, मेपासून तुमच्याकडून त्याला भाड्याचा वाटाच आला नाही. चोवीस तारखेला कोर्टात बोलावलंय. हे काय आहे?’’

सुवर्णाने नाव टाईप केलं. स्क्रीनवर काय दिसणार हे तिला माहीत होतं.

‘‘काय लिहिलंय?’’ बाईंनी विचारलं.

‘‘तुम्ही घर सोडलं, असं.’’

‘‘मी? मग गेले कुठे मी?’’

सुवर्णाने स्क्रीन बाईंकडे वळवली.

‘‘आणि हे कोणी लिहिलं?’’

सिस्टिमची चूक आहे, सॉफ्टवेअर नवीन आहे, असं सांगता आलं असतं, आणि बाईंना ते पटलंही असतं. शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही होते. पण बाई तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू लिहिणारं दुसरंच कोणी असणार आणि सुवर्णा आता त्याला धरून आणणार.

‘‘मी लिहिलं,’’ ती म्हणाली.

टॅलबर्टबाईंनी कोर्टाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. ‘‘मला वाटायचं, तू नीट काम करणारी आहेस,’’ एवढंच म्हणाल्या आणि वॉकर वळवला.

सुवर्णा तशीच ग्रेगकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाला, ‘‘जुलैत दुरुस्त करू. पहिल्या तारखेला.’’

‘‘कोर्ट चोवीस जूनला आहे.’’

‘‘घरमालकाला मी फोन करतो. पण आत्ता नोंद उलटवलीस तर तो फॉर्म उशिराचा म्हणून मोजला जाईल, आणि एक उघडलीस की खातं बाकीच्या अठराही बघेल. तुझं नाव आहे त्या नोंदींवर, माझं नाही. हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय.’’

त्या संध्याकाळी तिने घरी सगळं सांगून टाकलं. कॉलेजच्या सुट्टीत आलेली त्यांची मुलगी आन्या डिशवॉशर रिकामा करत होती. शंतनूने लॅपटॉप मिटला.

‘‘हे बघ, तू ऑर्डर फॉलो केलीस,’’ तो म्हणाला. ‘‘त्या बाईंचं तेवढं चुपचाप फिक्स कर. बाकीचं कशाला उकरतेस यार? माझं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टला संपतंय. इन्शुरन्स गेला तर माझ्या औषधांचं काय करायचं, सांग.’’

‘‘आणि बाकीचे खरंच तिथे राहत असतील तर?’’

‘‘तर ते येतील ना ऑफिसला.’’

‘‘टॅलबर्टबाईंना यायला चार महिने लागले, शंतनू. त्यांना निदान चालता तरी येतं.’’

आन्या हातातली ताटली धरून उभी होती. ‘‘आई, डू यू नो इफ दे आर देअर? लाइक, डिड एनीबडी गो?’’

कोणीच बघायला गेलं नव्हतं. आठ वर्षांत सुवर्णाने त्या गावातल्या साडेसहाशे घरांचे पत्ते लिहिले होते, आणि त्यातलं एकही दार तिने पाहिलं नव्हतं.

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पत्ते कागदावर उतरवून घेतले आणि गाडी काढली. गुरुवार आणि शुक्रवार, दोन दुपारी ती वेस्ट कॅरोवेत फिरली. सहा ठिकाणी खरंच दुसरे लोक राहत होते, जुने कधीच निघून गेले होते. अकरा ठिकाणी मात्र तीच माणसं होती. एकाने कागद दिले होते, ते ऑफिसातच हरवले होते. एक बाई बाळंतपणात गुंतलेली. एका आजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही पत्रं फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली होती, नातू कॅलिफोर्नियाहून आला की वाचेल म्हणून. बहुतेकांच्या दारावर घरमालकाची चिठ्ठी होती आणि का, ते त्यांना कळलं नव्हतं. सुवर्णा प्रत्येक दारात उभी राहून सांगत गेली: चूक ऑफिसची आहे, नोंद मी केली होती, मी ती परत घेते आहे, हे कागद भरून सही करा. कोणी चहा विचारला. एकाने तिच्या तोंडावर दार आपटलं.

टॅलबर्टबाई धरून अठरा झाले. एकोणिसावं नाव रोझलिन पिएर, आई आणि दोन मुली, स्प्रूस स्ट्रीट, दुसरा मजला. तिथे दार उघडंच होतं. आत दोन माणसं भिंतींना रंग देत होती.

‘‘इथे राहत होत्या त्या?’’

‘‘गेल्या शनिवारी गेल्या,’’ खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यातून म्हणाली. ‘‘मालकाने कोर्टाचा कागद दाखवला तर घाबरल्या. कोर्टात गेलं की नावाला डाग लागतो, पुढे कोणी घर देत नाही, म्हणून आधीच निघाल्या. मुलींची शाळा संपायला आठवडा होता.’’

गेल्या शनिवारी. म्हणजे टॅलबर्टबाई ऑफिसात यायच्या दोन दिवस आधी. सुवर्णा गाडीत येऊन बसली आणि कागदावर पिएर नावापुढे तिने ती तारीख लिहिली.

सोमवारी ती साडेसातला ऑफिसात पोचली. तेरा नोंदी रद्द केल्या, त्यात पिएर कुटुंबाचीही. बारा कुटुंबांचे खरे फॉर्म पाठवले, सगळे उशिराचे. प्रत्येक फाइलला एक पान जोडलं: नोंद कोणत्या तारखेला झाली, कोणी सांगितली, कोणी केली. ग्रेगचं नाव लिहिलं आणि त्याच्याआधी स्वतःचं. मग तेच सगळं खात्याच्या विभागीय ऑफिसला ईमेल केलं आणि एक प्रत ग्रेगला. दुपारपर्यंत आकडा त्र्याण्णववर आला. ग्रेग तिच्या टेबलापाशी येऊन नुसता उभा राहिला. ‘‘तू मला सांगून तरी करायचंस,’’ तो म्हणाला. ‘‘आठ तारखेलाच सांगितलं होतं,’’ ती म्हणाली. त्यानंतर ते दोघं कामापुरतंच बोलले.

पुढचे तीन महिने वाईट गेले. खात्याने ऑथॉरिटीवर देखरेख बसवली. दर आठवड्याला एक माणूस यायचा आणि फाइली उघडून बघायचा. सुवर्णाला लेखी ताकीद मिळाली. तिने भरलेला फॉर्म दुसऱ्या कोणाच्या सहीशिवाय जायचा नाही, असं ठरलं. ऑफिसातल्या बऱ्याच जणांना वाटायचं, तिच्यामुळे सगळ्यांच्या मागे हे झेंगट लागलं, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. नोकरी मात्र टिकली. ग्रेग ऑक्टोबरात दुसऱ्या गावातली नोकरी घेऊन गेला. शंतनूचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांनी वाढलं. ‘‘निभावलं बुवा,’’ तो म्हणाला, आणि हा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

टॅलबर्टबाईंचं घर वाचलं. चोवीस तारखेला सुवर्णा स्वतः कोर्टात पत्र घेऊन गेली, घरमालकाने केस मागे घेतली. बाईंनी आभार मानले नाहीत. मानावेत असं काही झालंही नव्हतं. आता त्या कागद घेऊन येतात तेव्हा पलीकडच्या काउंटरवरच्या राधिकाला हाक मारतात, आणि सुवर्णा मोकळी बसलेली असली तरी रांगेत थांबतात.

सुवर्णा आता कोणतंही कुटुंब बंद करण्याआधी त्यांच्या दारापर्यंत जाऊन येते. नियमात ते नाही. नव्या डायरेक्टरने एकदा विचारलं, पेट्रोल कोणाचं? ती म्हणाली, माझं.

पिएर कुटुंबाचा शोध तिने वर्षभर घेतला. शाळेने काही सांगितलं नाही, सांगायची त्यांना परवानगी नव्हती. फाइलमधला आणीबाणीचा फोन नंबर बंद होता. शेवटी जुन्या अर्जात बहिणीचा पेनसिल्व्हेनियातला पत्ता सापडला, आणि तिकडे पत्र पाठवल्यावर दहा दिवसांनी बहिणीचा फोन आला.

‘‘त्यांची मदत पुन्हा सुरू करता येईल,’’ सुवर्णा घाईघाईने म्हणाली. ‘‘तिने फक्त एक सही करायची आहे. मी कागद घेऊन येते हवं तर. रविवारी येऊ का?’’

‘‘मी सांगितलं तिला,’’ बहीण म्हणाली. ‘‘ती म्हणते, तुमच्या कागदांवर आता ती सही करणार नाही.’’

‘‘राहतायत कुठे त्या? मुली बऱ्या आहेत?’’

पलीकडे लांबवर टीव्ही चालू होता, कोणीतरी लहान मूल हसत होतं.

‘‘ते कशाला हवंय तुम्हाला?’’ बहिणीने विचारलं. आवाजात राग नव्हता. ‘‘पुन्हा कुठेतरी लिहायला?’’

फोन ठेवल्यावर सुवर्णाने कागद पाकिटात घातले, वरती हाताने चार ओळी लिहिल्या आणि बहिणीच्या पत्त्यावर पाठवून दिले. त्याला आता सात महिने झाले.