धोंडप्पाचे निरोप

"मी खोली सोडते असं कधी म्हणाले?" अंबिकानं तिसऱ्यांदा विचारलं.

"अगदी तसं न्हाई म्हणालीस," धोंडप्पा चहात टोस्ट बुडवत म्हणाला. "पण अर्थ तोच होता की."

"मग काय म्हणाले होते?"

"खोलीत उकडायलंय लई, असं म्हणाली होतीस. अन् अप्पांनी बी खोली मागितली की."

बाहेरच्या खोलीत स्टीलच्या डब्यांची अकरा खोकी येऊन पडली होती. लातूरच्या त्या घरात तेवढीच एक खोली अंबिकाची. तिथं ती बारावीच्या सोळा मुलांना फ्रेंच शिकवायची. मुलांना डॉक्टर व्हायचं असे, फ्रेंच नुसती मार्कांपुरती. तरी ती जीव लावून शिकवायची. आता बाकं अंगणात उन्हात होती आणि साडेचारची तुकडी यायला तासभर उरला होता.

धोंडप्पा तिचा नवरा. वय सेहेचाळीस. वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात पंख्याखाली बसायचा, गिऱ्हाईक आलं की नोकराला हाक मारायचा. त्याचं खरं काम घरात होतं. या घरात सून सासऱ्यापुढं बोलत नसे. तिनं स्वयंपाकघरातून सांगायचं, नवऱ्यानं ते बैठकीत पोचवायचं आणि अप्पांचं उत्तर परत आणायचं. एवढ्यावर धोंडप्पा चौदा वर्षं घरचा मोठा माणूस होऊन बसला होता. जाता-येता तो निरोपात स्वतःची सोय कालवायचा. तिनं माहेरी जायला आठ दिवस मागितले तर अप्पांपर्यंत चार पोचायचे, कारण मग स्वयंपाक त्याच्या आईकडं यायचा आणि तिच्या हातची भाजी त्याला तिखट लागे. अप्पा "जाऊ दे की" म्हणाले तर तिला "बघू म्हणालेत" असं कळायचं.

कालच ती मुलांना एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायची फ्रेंच रीत शिकवत होती. पॉल म्हणाला, 'मी उद्या इथं येईन.' ते नंतर दुसरीकडं सांगताना 'मी'चा 'तो' होतो, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी', 'इथं'चा 'तिथं', आणि क्रियापदही एक पाऊल मागं सरतं.

"एवढं सगळं बदलायचं कशाला, मॅडम?" ऋतुजानं विचारलं होतं.

"पॉल जे म्हणाला तेच राहावं म्हणून."

शेजारच्या खोलीत धोंडप्पा लोळत ऐकत होता. रात्री जेवताना म्हणाला, "त्यासाठी शिकवणी लावतेत व्हय लोक? आम्हाला तर जन्मताच येतंय."

आता बैठकीतून अप्पांचा आवाज आला. सासरे गुरुबसप्पा बायकोला सांगत होते, "सुनेनं खोली आपणहून दिली म्हणून खोकी खाली टाकली. मी तर धोंडप्पाला वरच्या मजल्यावर ठेव म्हणत होतो."

अंबिकानं नवऱ्याकडं पाहिलं. तो बशीत पडलेला टोस्टचा तुकडा बोटानं काढत होता.

वर जायला बावीस पायऱ्या होत्या. बस, एवढंच. तिला वाटलं होतं, शिकवणी याच्या डोळ्यांत खुपत असेल, बायकोचं नाव होतंय म्हणून पोटात दुखत असेल. तेवढा दुष्टपणा करायलाही अंगात काही लागतं. याला फक्त जिना चढायचा नव्हता.

"थांब, गैरसमज झाला म्हणून सांगून येतो अप्पांना," तो उठायला लागला.

"बसा."

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि बैठकीत गेली. अप्पांनी पेपर खाली घेतला आणि सवयीनं तिच्या मागं मुलाला शोधलं. सासूबाई, पार्वतम्मा, जागच्या उठल्या.

"अगं, आत जा. धोंडप्पा सांगंल."

"त्यांनीच सांगितलंय, आई. म्हणून आले." ती सासऱ्यांकडं वळली. "अप्पा, मी खोली दिली नाही. मला सांगितलं, तुम्ही मागितली."

"मी?" अप्पांनी चष्मा काढला. "मी कशाला मागू?"

धोंडप्पा दारात येऊन उभा होता. सगळ्यांनी एकदमच त्याच्याकडं पाहिलं. "दोघांचं मन राखायचं म्हणजे," तो बोट सदऱ्याला पुसत म्हणाला.

"आजपासून मला जे सांगायचंय ते मी स्वतः तुम्हाला सांगणार, अप्पा," अंबिका म्हणाली. "शिकवणी त्याच खोलीत होईल. खोकी साडेचारच्या आत वर जातील, आणि हेच नेतील."