वायर येते कुठून?

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा आहे. नवरा आणि मी औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करतो. आमच्याकडे कामाला चौघं जण आहेत. दिवसभर मोठमोठ्या फायली छापखान्यांना पाठवायच्या असतात, त्यामुळे नेट गेलं की सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

ते वरचेवर जायला लागलं तेव्हा नवऱ्याने दुसऱ्या कंपनीचंही कनेक्शन घ्यायचं ठरवलं. माझे सासरे, आमचे अप्पा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची सगळी नोकरी खांबांवर आणि मॅनहोलांत गेलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "वायर येते कुठून?"

"अप्पा, तो जमाना गेला. आता स्पीड विचारतात," नवरा म्हणाला.

नवं कनेक्शन आलं आणि आठवडाभर त्याची कॉलर ताठ होती. एक गेलं तर दुसरं आहे, याला प्लॅनिंग म्हणतात, हे त्याने मला, स्टाफला आणि समोरच्या गाळ्यातल्या स्क्रूवाल्यालाही ऐकवलं. मग एका मंगळवारी तो एका गिऱ्हाइकाला व्हिडिओवर डिझाइनं दाखवत होता. "आता हा निळा रंग नीट बघा," तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक जांभई देता देता स्क्रीनवर गोठलं. दोन्ही कनेक्शनं एकदम गेली होती. बाहेर गेटसमोर रस्ता खणत होते.

दुसऱ्या दिवशी अप्पा दिंडोशीहून टोपी घालून हजर. कोणाशी न बोलता आमच्या खिडकीतल्या वायरींमागे चालायला लागले. तासाभराने गेटवरून त्यांचा आवाज आला. खूश झाले की ते मालवणीवर येतात. "दोनय एकाच वाटेन इलेत मगे!"

दोन्ही कंपन्यांच्या वायरी गेटाखालच्या एकाच पाइपातून येत होत्या. नवऱ्याने वाकून त्या पाइपात डोकावून पाहिलं. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

तेव्हापासून नवं कनेक्शन निवडायचं काम अप्पांकडे गेलं. आधी त्यांनी शेजारचे गाळे पालथे घातले. कोणाचं नेट किती वेळा जातं, तक्रार केल्यावर माणूस कधी येतो, हे प्रत्येक ठिकाणी चहा घेत विचारलं. मग कंपन्यांच्या हेल्पलाइनवर मुद्दाम रविवारी दुपारी फोन लावून कोण उचलतं ते पाहिलं. एका ठिकाणी इतका वेळ संगीत वाजलं की स्पीकर चालू ठेवून ते तिथेच डुलकी काढायला लागले.

विक्रीला येणाऱ्यांना त्यांचा एकच प्रश्न होता. "तुमची वायर आमच्यापर्यंत कशी येणार, ते चालून दाखवा." पहिला माणूस म्हणाला, "काका, ते टेक्निकल टीम बघते." दुसऱ्याने उन्हाकडे पाहिलं आणि माहितीपत्रक ठेवून गेला. तिसरी एक बाई आली. तिने मुकाट्याने छत्री उघडली. दोघं अर्धा तास वसाहतीच्या मागच्या बाजूने फिरून आले, दोघंही घामाघूम.

"हिची मागच्या गल्लीतून येते," अप्पा म्हणाले.

"म्हणजे ही कधीच जाणार नाही ना?" नवऱ्याने विचारलं.

"जाणार ना, सर. तिकडेही खणतात," ती म्हणाली. "पण दोन्हीकडे एकाच दिवशी खणतील असं वाटत नाही. आणि गेली तर फोन मी उचलेन."

अप्पांनी तिथल्या तिथे होकार दिला. पुढच्या गेटवाल्या दोन कनेक्शनांतलं एक आम्ही बंद केलं. उरलेलं आणि हे नवं एकाच राउटरला जोडलं. एक गेलं की दुसरं आपोआप सुरू व्हावं, अशी सोय करून घेतली.

महिनाभराने गेटसमोर पुन्हा खोदकाम निघालं. अप्पांना कळताच ते रिक्षा करून आले. दारातूनच म्हणाले, "काय, गेलं ना?"

सगळे कामात होते. नवऱ्याने राउटर पाहिला. पुढची लाइन सकाळी अकरालाच गेली होती आणि मागची चालू होती. कोणाला पत्ताच नव्हता.

"कोणाच्या लक्षातही आलं नाही?" अप्पांचा चेहरा पार उतरला.

मी चौघांकडे एकदा पाहिलं. मग सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. अप्पा "चला, कामं करा" म्हणाले, पण चांगलं तासभर बसून सगळ्यांना पाइपाची गोष्ट पहिल्यापासून सांगून मगच उठले. नवऱ्याने ती मान खाली घालून पूर्ण ऐकली.