यादीत नसलेला दगड

शिवडीच्या उतारावरची जुनी वाडी सार्वजनिक बाग म्हणून राखायची असं ठरलं, तेव्हा आतल्या वस्तूंची नोंद करायचं काम मी मागून घेतलं. माझे आजोबा कोकणातून येऊन त्या वाडीत माळी झाले होते. बाबा गिरणीत लागले, तरी सकाळपाळीआधी अळवाला नि केळींना पाणी लावून जायचे.

तीन शनिवार मी टेप आणि वही घेऊन फिरले. विहीर, तिच्यावरचा रहाट, दगडी पन्हळ, माळ्याची खोली. प्रत्येक झाडाला क्रमांक, खोडाचा घेर, कीड असल्यास तशी खूण. बाबा सोबत यायचे आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचे. एकदा म्हणाले, "जगाची यादी करतंस गो बाय, घरातला मीठ संपलासा ता कोण लिवतला?" मी तेही मागच्या पानावर लिहिलं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम वगळली. जुन्या फणसाच्या मुळाशी गुडघ्याएवढा काळा दगड होता. घडवलेला नाही, शेंदूर नाही, काही नाही. तो वाडीचा राखणदार. होळीनंतरच्या रविवारी त्याच्यापुढे नारळ ठेवायचा, घरातल्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीमागे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी आमची रीत. आजोबांनंतर हे बाबांकडे आलं. काका, चुलतभाऊ विरार-बदलापूरकडे पांगले आणि गेली काही वर्षं आम्ही दोघंच जात होतो. मी पिशवी धरून उभी राहायचे. मोठ्याने बोलायला लाज वाटायची, चार माणसं बघत असायची. बाबा मागणंही स्वतःच म्हणायचे आणि होकारही स्वतःच द्यायचे.

दगड वगळण्यामागे माझा हिशेबी विचार होता. नोंद झाली की पाटी लागते. पाटीपाठोपाठ शेंदूर येतो, मग छप्पर, मग घंटा, मग दोन गट. हे मी आमच्या आसपास पुरतं पाहिलेलं आहे. साधा दगड साधाच राहिला तर कुणाचं लक्ष जाणार नाही, असं मी ठरवलं. बाबांना विचारलं नाही.

काम वर्षभर चाललं, तेवढा काळ वाडी बंद होती. बाग उघडली आणि होळीनंतरच्या रविवारी सकाळी आम्ही गेलो. विहिरीवर जाळी, रहाटाला तेलपाणी, झाडांवर माझेच क्रमांक. काम नीट झालं होतं. फणसाभोवती मात्र गोल पार बांधून लादी बसवली होती, दगड कुठेच नव्हता. बाबा पाराला एक फेरी मारून आले, मग दुसरी. माझ्याकडे बघितलं नाही.

कंत्राटदाराचा मुकादम अजून किरकोळ कामासाठी यायचा. त्याला गाठलं. माणूस सरळ होता. म्हणाला, "मॅडम, लिस्टमधलं एक पान हललेलं नाही. लिस्टच्या बाहेरचं होतं ते भरावात नाहीतर कडेला लावलं. तुमच्याच सहीचा कागद आहे."

कागदावर तसंच होतं. यादीबाहेरचं साहित्य भरावाला किंवा कडेला वापरावं, हे वाक्यही मीच घातलं होतं.

पायवाटेच्या कडेला दगड रांगेने पुरलेले, एक पांढरा, एक गेरूचा. बाबा वाकून एकेकावर हात ठेवत निघाले. विहिरीपर्यंत गेले, परत आले. रंगाखाली सगळे सारखेच लागत होते. सावलीत बसवून मी त्यांना पाणी दिलं, आणि का लिहिलं नव्हतं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. फक्त विचारलं, "माका इचारलंस नाय?"

मुकादमाला सांगून उकरून बघू, म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. रांगेतला प्रत्येक दगड उपटून मग ओळखणार कोण, त्यांचाच हात ओळखत नव्हता.

थोड्या वेळाने ते उठले. चपला काढल्या, फणसाच्या पूर्वेला, जिथे तो दगड असायचा त्या लादीवर नारळ ठेवला आणि हात जोडले. बाकांवर फिरायला आलेली माणसं होती. दरवर्षीचीच वाक्यं होती, विहिरीचं पाणी, झाडंपेडं, परगावी गेलेली पोरंबाळं. होकार तेच देत होते. मग दरवर्षी नसायचं ते आलं.

"बा राखणदारा म्हाराजा, माझ्या लेकीच्या हातसून चूक झाली हा. तिना वायटासाठी केल्यान नाय. ती चूक पोटात घाल, नि जंय असशीत थंयसून हे वाडयेवर नजर ठेव रे म्हाराजा."

आणि ते थांबले. या वेळी होकार त्यांनी दिला नाही. हात जोडलेलेच ठेवून उभे राहिले.

मी पिशवी खाली ठेवली.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.