डोक्यात बसलेला पाट

ओल्या रंगाचा वास आला की माझा हात आपोआप टाळूकडे जातो. जोहे गावातल्या गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्यात गिऱ्हाईक मूर्ती ठरली की तिच्यापुढे आपला पाट ठेवून जाई. पाट दिसला की मूर्ती गेली. मी शहाण्याने ती पद्धत बंद करून मालकांना बुकिंगचं वेबपेज लिहून दिलं. मूर्ती गेली का, हे तपासणाऱ्या कोडमधल्या टॅगमध्ये डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंस घालायचे तेवढे विसरलो, त्यामुळे ती अट नुसता शब्द ठरली आणि पेज गेलेली मूर्तीही शिल्लक दाखवत राहिलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी एकाच गणपतीसाठी रोह्याचा आणि कोलाडचा असे दोन टेम्पो आले. "आमचा हाय!" "तुझ्या बापाचा नाय!" कॉलरी फाटल्या, बांबू फिरले, कुणाचा तरी दात शाडूत पडला. "थांबा, चूक टॅगची आहे!" असं ओरडत मी मध्ये घुसलो, तर एका रोहेकराने हातातला पाटच माझ्या डोक्यात घातला. मी तोल सावरायला मूर्तीकडे झुकलो, तसे मालक किंचाळले, "लांब व्हा, रक्त उडंल तिच्यावर!" कोलाडकर माझ्या डोक्याला फडकं बांधत होते, तेवढ्यात रोहेकरांनी पाट पुसला, त्यावर गणपती बसवला आणि टेम्पो हाकलला. आता मी कंस कधीच विसरत नाही, पण त्या कारखान्यात मूर्तींपुढे पुन्हा पाटच असतात.