अकरावं पान

चांगोदादाइतका भित्रा माणूस मी आमच्या चौक गावच्या नाक्यावर दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्याइतका चांगला रंगारीही पाहिला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता, हे कळायला मला फार वर्षं लागली. तोवर मी त्याला हसत होतो. माझं पंक्चरचं दुकान त्याच्या पत्र्याच्या शेडला चिकटून होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की त्याची टर उडवणं हाच माझा उद्योग.

गाड्यांच्या वरच्या, चकचकीत रंगाला तो हात लावत नसे. तो गाडीच्या पोटाला रंग द्यायचा. आमच्याकडचा पाऊस चार महिने हटत नाही, चिखल पत्र्याला चिकटून बसतो, त्यात रसायनीच्या कारखान्यांकडची ती हवा. तीन पावसाळ्यांत गाडीचा तळ कुजतो. म्हणून चैत्र-वैशाखात लोक गाड्या चांगोदादाकडे आणायचे. शेडमध्ये त्याने माणूसभर खोल खड्डा खणला होता. गाडी त्या खड्ड्यावर उभी करायची, हा आत उतरायचा. चिखल खरवडायचा, रॉकेलने धुवायचं, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, तांबड्या रंगाचा एक हात द्यायचा आणि वर डांबरी काळ्या रंगाचे दोन जाड थर. त्याने रंगवलेली गाडी दहा पावसाळे काढायची.

मूळचा तो पळसदरीचा. तरुणपणी मुंबईत एका गॅरेजात रंगकाम शिकला. तिथे बंद खोलीत पंपाने रंग मारताना कुणाच्या तरी विडीची ठिणगी पडली आणि त्याचा जोडीदार पदू त्याच्या डोळ्यांदेखत पेटला. चांगोदादा त्याच आठवड्यात गावाकडे परतला. त्यानंतर त्याने पंप हातात धरला नाही. शेडमध्ये विडी ओढणाऱ्याला, मग तो फौजदार का असेना, तो हात जोडून बाहेर काढायचा. चुलीची ठिणगी नको म्हणून त्याचं घर शेडपासून पन्नास पावलं लांब. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी त्याला तोंडावर म्हणायचो. तो म्हणायचा, “आसंल रं नागू. पन तो पाठी हाय तवर मी पुढं बगून चालतो.”

या भीतीतूनच त्याची पानांची पद्धत निघाली होती. गाडीच्या पोटात सगळीकडे काळा रंग चालत नाही. ब्रेकच्या रबरी नळ्यांना लागला तर रबर खराब होतं, आणि सायलेन्सरच्या तापणाऱ्या नळीला लागला तर तो पेटू शकतो. या जागा झाकाव्या लागतात. बाकीचे रंगारी वर्तमानपत्र गुंडाळत, पण कागद रंग पितो. चांगोदादा पळसाची पानं गुंडाळायचा आणि वर वाखाची दोरी बांधायचा. पानांना तोटा नव्हता, कारण त्याची बायको गोदूवहिनी पत्रावळी लावायची. फियाट गाडीला अकरा जागा, म्हणून अकरा पानं. ती सकाळी मोजून खड्ड्याच्या काठावर ठेवायची, पुढून मागे एकेक गुंडाळत जायचं. अकरावी जागा सगळ्यात मागे, सायलेन्सरच्या नळीच्या वाकणावर, पेट्रोलच्या टाकीपासून वीतभर अंतरावर. रंग वाळला की पानं काढायची, पुन्हा अकरा मोजायची आणि मगच मालकाला किल्ली द्यायची.

“अरं, डोक्टर पोटात कापूस इसरतो, म्हून मोजतो. मीबी मोजतो,” तो म्हणायचा. मी म्हणायचो, “डॉक्टरकडे पेशंट तरी जिवंत असतो.”

एकाहत्तर सालच्या वैशाखात वाल्मिकशेटची पांढरी फियाट कामाला आली. शेटची भाताची गिरण होती. माणूस उमदा. त्याच सुमाराला चांगोदादाची एकुलती एक मुलगी सोमी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती आणि चार महिन्यांची पोर घेऊन लोणावळ्याला सासरी परत जायची होती. शेट म्हणाला, “चांगो, मंगळवारी मी पुण्याला चाललोय. तुझ्या लेकीला लोणावळ्यात दारात सोडतो.” आपण रंगवलेल्या गाडीत बसून लेक सासरी जाणार, या आनंदाने चांगोदादा दोन दिवस जमिनीवर नव्हता.

त्या मंगळवारी सकाळी शेडसमोर नुसती धांदल. ओटी भरणं झालं, पोरीला तीट लावून झाली, गोदूवहिनीने डोळे पुसत वाटेसाठी भाकरी-चटणीचं पुडकं दिलं. चांगोदादाने पहाटेच पानं काढून टोपलीत टाकली होती, मोजायची तेवढी राहिली होती. किल्ली शेटच्या हातात देताना तो दोनदा बजावून म्हणाला, “शेट, नवा रंग हाय. वास येल, थोडा धूर येल. घाबरू नका.” गाडी धुरळा उडवत खोपोलीच्या दिशेने गेली. हा बाहीने डोळे पुसत शेडमध्ये आला, खाली बसला आणि टोपलीतली पानं मोजू लागला.

थोड्या वेळाने त्याची टर उडवायला शेडपाशी गेलो. मी डोकावलो. त्याने पानं जमिनीवर ओळीने मांडली होती. काळी, कडक झालेली पानं.

“नागू, तू मोज.”

मी मोजली. दहा.

“परत मोज.”

दहाच होती. मी म्हणालो, खड्ड्यात पडलं असेल. तो बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरला. हाताने कोपरे चाचपले, टोपली उलटी केली, स्वतःचे खिसे पाहिले. वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“राहिलं रं. नळीवरचं राहिलं. मागलं, टाकीपाशचं. पहाटं तितं हात लावल्याचं आठवत नाय.”

मला हसू आलं, ते मी आजही विसरलेलो नाही. “एक पान राहिलं तर काय होतंय? जळून जाईल.”

“जळंलच,” तो म्हणाला. “दोन दिसाचं वाळलेलं पान, त्याच्यावर डांबर. घाटात नळी लाल व्हते, नागू. वर टाकी हाय. आन मी त्यांना सांगितलंय, धूर आला तरी घाबरू नका. ते थांबायचे नायत रं. धूर बगतील नि थांबायचे नायत.”

हे ऐकलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. रसायनीच्या एका साहेबाची राजदूत फटफटी माझ्याकडे पंक्चर काढून तयार उभी होती. साहेबाला विचारायला वेळ नव्हता. मी किक मारली. जन्मात कधी फटफटीवर न बसलेला चांगोदादा मागे बसला आणि त्याने माझ्या कमरेला अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. पाठीमागून गोदूवहिनीची हाक आली, “काय झालं वो?” आम्ही तोवर रस्त्याला लागलो होतो.

खालापूर गेलं. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर मला वाटायचं, पुढे गर्दी दिसणार, धूर दिसणार. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांचे चेहरे मी बघत होतो, काही वाईट पाहून आल्यासारखे दिसतात का म्हणून. चांगोदादा मागे काहीतरी पुटपुटत होता. आधी वाटलं, देवाचं नाव घेतोय. मग ऐकू आलं. तो जागा मोजत होता. “पुढली डावी नळी, पुढली उजवी...” अकरापर्यंत जायचा, गप्प व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

खोपोलीच्या पंपावर मी ओरडून विचारलं. पंपावरचा माणूस म्हणाला, “पांढरी फियाट ना? आत्ताच टाकी फुल करून गेली.” टाकी फुल. चांगोदादाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. माणसाचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

घाट लागला. पुढे ट्रकांची रांग, एकामागे एक, मुंगीच्या पावलांनी चढणारी. मी रांगेच्या बाजूने, दरीच्या कडेने राजदूत घातली. माझी स्वतःची पाचावर धारण बसली होती, हे कबूल करतो. डांबर जळल्याचा वास आला. मी स्वतःला समजावलं, ट्रकांचे ब्रेक असतील. पण वर चढणाऱ्या ट्रकांचे ब्रेक कशाला जळतील?

शिंग्रोबाच्या देवळापाशी पांढरी फियाट उभी दिसली. घाटातून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर शिंग्रोबाला नाणं टाकतो. शेट गाडीचं काम झाल्यावर पहिल्यांदाच घाट चढत होता, म्हणून नारळ फोडायला खाली उतरला होता. इंजिन चालूच होतं. सोमी मागच्या सीटवर पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. आणि गाडीच्या मागच्या भागाखालून निळसर धूर निघत होता, शांतपणे, चुलीतून निघावा तसा.

मी फटफटी थांबवायच्या आधीच चांगोदादा उडी मारून पडला, उठला आणि धावला. त्याने सोमीला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती बिचारी “बाबा, काय? काय झालं?” म्हणत राहिली. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. देवळासमोर पाण्याचं पिंप होतं, त्याच्या तोंडावर गोणपाट. चांगोदादाने गोणपाट पाण्यात बुचकळलं आणि पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. चर्र आवाज झाला, वाफेचा लोट आला. मग नुसतं खरवडणं ऐकू येत होतं. गोणपाट जळालं तेव्हा तो हातांनी खरवडत होता. शेटने आणि मी देवळापाशी पडलेल्या घमेल्याने माती टाकली. पाच मिनिटं लागली असतील. मला ती पाच मिनिटं एका पावसाळ्याएवढी वाटली.

मीही वाकून आत पाहिलं. नळीच्या वाकणावर पान नव्हतं. जळक्या पानाची काजळी नव्हती, दोरीचा धागाही नव्हता. होता तो फक्त काळा रंग, नळीला सगळीकडून नीट लावलेला, जाड, फुगून बुडबुडे आलेला. त्या जागेवर पान राहिलं नव्हतं. पान तिथे कधी बांधलंच नव्हतं. हातातली पानं संपली म्हणजे जागा संपल्या, असं समजून चांगोदादाने ब्रश उचलला होता आणि शेवटची उघडी नळी अंधारात बाकीच्या पोटासारखीच रंगवून टाकली होती.

तो बाहेर आला. दोन्ही तळहातांची कातडी सोलली होती. तो सोमीकडे बघत होता, आणि मग तिच्या हाताकडे. तिच्या एका हातात पोर होती, दुसऱ्या हातात भाकरीचं पुडकं. हिरवं पळसाचं पान, वर वाखाची दोरी.

“हे कुणी बांधलं गं?” त्याने विचारलं.

“आयनं. रवारीच भाजून ठेवल्या भाकऱ्या, नि बांधून वल्या फडक्यात ठेवल्या. घरातली पानं सरली व्हती, म्हून तुमच्याच शेडमधनं घेतलं, काठावर ठेवलेलं.”

रविवारी सकाळी त्याने अकरा पानं मोजून खड्ड्याच्या काठावर ठेवली होती. तो गाडीचा चिखल खरवडत असताना वहिनीने त्यातलं एक उचललं होतं. मला हे कळलं त्याच क्षणी त्यालाही कळलं. मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड मिटलं.

वाल्मिकशेट आता चिडला होता. “चांगो, हे काय रं? माणसं मारतोस काय?”

“माझी मोजनी चुकली, शेट,” चांगोदादा म्हणाला. “माझीच चूक.”

सोमीला त्याने एस.टी.त बसवून दिलं. बसवण्याआधी भाकऱ्या आपल्या उपरण्यात बांधून दिल्या आणि पान स्वतःकडे ठेवलं. परतताना खोपोलीच्या अलीकडे त्याने मला गाडी थांबवायला सांगितली. सोललेल्या हातांनी ते पान आपल्या सदऱ्यावरच्या काळ्या रंगाला घासलं, मातीत चुरगाळलं, पुन्हा घासलं. घरी पोचल्यावर वहिनी दारातच उभी होती. त्याने पान तिच्या समोर धरलं. “नळीवर राह्यलं व्हतं. गावलं. पोर सुखरूप हाय.” तिने त्या पानाकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं आणि हळद आणायला आत गेली.

शेटने ही गोष्ट नाक्यावर सांगितली. चांगो पानं विसरतो, असं लोक म्हणू लागले. दोन वर्षं त्याच्याकडे निम्म्या गाड्या आल्या. गोदूवहिनी स्वतः येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायची, “आमच्या ह्यांना धाच्या पुढं मोजता येत नाय.” मला संताप यायचा. एकदा मी त्याला म्हटलं, “दादा, सांगून टाक ना. पान कुणी उचललं होतं ते.”

“नको रं,” तो म्हणाला. “लेकीला आपन जाळत व्हतो, आसं तिला वाटंल. जन्मभर झोपायची नाय. मला भ्यायची सवय हाय, तिला नाय.”

पुढे त्याने पानं मोजणं सोडलं. प्रत्येक जागेला बोट लावून मगच तो ब्रश उचलायचा. वहिनीने पत्रावळी लावणं बंद केलं. डोळे अधू झाले, म्हणायची.

ब्याऐंशी साली चांगोदादा गेला. दहाव्याच्या दिवशी गोदूवहिनी माझ्या दुकानात येऊन बसली. मग म्हणाली, “नागू, त्या पानाला चटनीचा वास येत व्हता.”

मी हातातली ट्यूब खाली ठेवली.

“जवळ्याची चटनी. मीच वाटलेली. त्यांनी वरनं काळं फासलं, पन वास कुठं जातो? मला त्या दिशीच कळलं. त्यांना वाटलं, मला कळलं नाय. म्हून मी हासत राह्यले. मला कळलं आसं त्यांना कळलं आसतं, तर ते आनखी भ्याले आसते.” ती थांबली. “आकरा वर्सं पळसाचं पान मला हाती धरवलं नाय.”

मी तिला पाणी दिलं. अर्धा गडू पिऊन ती घरी गेली.